ऑपेराचे ड्युएट निवडायला आयएमएसएलपी: काय मिळतं, काय तपासून घ्यावं लागतं

नवशिक्या गायकांसाठी ऑपेरातला ड्युएट, म्हणजे दोघांनी मिळून गायचं गाणं, निवडायचा म्हटलं की बहुतेक जण आधी यूट्यूब उघडतात, आणि निवड तिथेच फसते. तिथे गाणारी माणसं तिशी-चाळिशीतली, कमावलेल्या आवाजाची असतात. त्यांच्या गळ्यात सहज वाटणारी ओळ सतरा वर्षांच्या मुलीला कुठे अडवेल, हे ऐकून कळत नाही. ते नोटेशन समोर ठेवून, पेन्सिल हातात घेऊनच कळतं. त्यासाठी अख्ख्या ऑपेराचा स्कोअर, म्हणजे छापील नोटेशनचं पुस्तक, हवा, आणि विकतचे स्कोअर परदेशातून मागवायचे तर किंमत आणि टपालखर्च दोन्ही अंगावर येतात. मग एकच ड्युएट पाहण्यासाठी चारशे पानांचं पुस्तक कोण घेणार? म्हणून आयएमएसएलपी (इंटरनॅशनल म्युझिक स्कोअर लायब्ररी प्रोजेक्ट) हे मोफत संकेतस्थळ याच एका कामाच्या दृष्टीने तपासलं आहे. निवड करायला याहून चांगलं साधन सध्या नाही. मात्र तिथून उतरवलेलं पान जसंच्या तसं विद्यार्थ्याच्या हातात देऊ नये. त्याची कारणं पुढे येतीलच.

आयएमएसएलपी 2006 मध्ये सुरू झालं. स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या रचनांचे छापील स्कोअर स्कॅन करून तिथे ठेवलेले असतात. ऑपेराच्या पानावर फुल स्कोअर, वाद्यांचे सुटे पार्ट आणि व्होकल स्कोअर असे वेगवेगळे विभाग दिसतात. आपल्याला हवा असतो व्होकल स्कोअर: वर गायकांच्या ओळी आणि खाली ऑर्केस्ट्राचा पियानोसाठी केलेला संक्षेप. सभासद नसाल तर फाइल उतरण्यापूर्वी पंधरा सेकंद थांबावं लागतं, तेवढाच अडथळा. प्रत्येक फाइलखाली प्रकाशक, संपादक, प्लेट नंबर (प्रकाशकाचा छपाई क्रमांक), छपाईचं साल अशी माहिती असते. आधी ही माहिती वाचायची. शेजारचे तारे बाजूला ठेवायचे. ते वापरणाऱ्यांनी दिलेले असतात आणि ते पाहून मजकुराच्या अचूकपणाची खात्री देता येत नाही.

आता मुख्य काम. व्होकल स्कोअरमधला ड्युएट छापून घ्या आणि प्रत्येक आवाजासाठी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर खुणावा. इथवर सगळेच करतात. खरी माहिती त्यापुढच्या मोजणीत असते: ओळ बहुतेक वेळ कुठे राहते? तरुण सोप्रानोच्या (उंच स्त्री-आवाजाच्या) गळ्याचा वरचा सांधा, म्हणजे आवाजाची जात बदलते ती जागा, साधारण ई5 ते एफ शार्प5 या पट्ट्यात असतो, टेनरचा (उंच पुरुष-आवाजाचा) त्याहून एक सप्तक खाली ई4 ते जी4 मध्ये, आणि बॅरिटोनचा (मधल्या पुरुष-आवाजाचा) बी3 ते ई4 च्या आसपास. मधला सी, म्हणजे हार्मोनियमवरची मधल्या सप्तकातली पांढरी एक, तो सी4. या सांध्यावर किंवा त्याच्या वर असलेले सूर रंगीत पेन्सिलीने खुणावत जा. एकदाच ए5 ला जाऊन लगेच खाली येणारी ओळ धोक्याची नसते. पानभर ई, एफ, ई, एफ करत सांध्यावरच घुटमळणारी ओळ मात्र कच्च्या गळ्याला दमवते, मग तिचा सर्वांत वरचा सूर जी5 च का असेना. आमचा ठोकताळा असा: विशीच्या आतल्या गायकासाठी खुणावलेले सूर एकूण सुरांच्या पाचव्या हिश्श्याच्या वर गेले, तर तो ड्युएट एक वर्ष मागे ठेवावा.

दुसरी मोजणी श्वासाची. योग्य लयीत सर्वांत लांब ओळ किती सेकंदांची होते ते घड्याळ लावून पाहा. समजा सात सेकंद. गायकाला साध्या ‘स्स’वर दहा-अकरा सेकंद एकसारखा श्वास सोडता आला पाहिजे, तरच गाताना काही शिल्लक राहील. ड्युएटमध्ये ही शिल्लक जास्त लागते, कारण शेवटचा सूर जोडीदार सोडेपर्यंत धरावा लागतो, स्वतःच्या सोयीने सोडता येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे प्रवेशाचा सूर. जोडीदार थांबला की पुढचा सूर कुठून घ्यायचा? पियानोत तो आधी वाजतो का, जोडीदाराच्या शेवटच्या सुरातच आहे का, की हवेतून पकडायचा? प्रत्येक प्रवेशापाशी हे लिहून ठेवा. तिसऱ्या प्रकारचे प्रवेश दोनापेक्षा जास्त निघाले तर नवशिक्यांना तो ड्युएट देऊ नये.

हिंदुस्थानी गायकीतून आलेल्या मुलींच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. काळी चार किंवा काळी पाच पट्टीत गायची सवय असेल तर त्यांचा तार पंचम डी शार्प5 ते एफ5 वर पडतो. म्हणजे सोप्रानोचा सांधा जिथे येतो तिथेच या मुली छातीच्या आवाजाला ताणून पोहोचलेल्या असतात. ताकद असते, सूर पक्का असतो, पण त्या जागी आवाजाची जात बदलायची सवय नसते. अशा मुलीला पहिला ड्युएट देताना वरची ओळ देण्याचा मोह टाळावा. मेझोची, म्हणजे सोप्रानोखालच्या स्त्री-आवाजाची, ओळ द्यावी आणि वरचा आवाज सरावात वेगळा घडवावा. उलट गोव्यात चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेल्या आणि मांडो दोन आवाजांत गायलेल्या मुलांना दुसरा आवाज धरून ठेवणं अंगवळणी पडलेलं असतं. तिथे सुरांच्या जुळणीवर कमी आणि भाषेवर जास्त वेळ द्यावा लागतो.

या कसोट्या लावून आयएमएसएलपीवरचे स्कोअर पाहिले, तर अगदी पहिला ड्युएट म्हणून पर्सेलच्या ‘डायडो अँड इनियस’मधला ‘फिअर नो डेंजर’ सर्वांत वर येतो. बेलिंडा आणि तिची सोबतीण राणीला धीर देतात एवढाच प्रसंग. भाषा इंग्रजी, चाल तीन मात्रांची, दोन्ही आवाज बहुतेक एकत्र चालतात आणि सगळं दोनेक मिनिटांत आटोपतं. मुलींच्या शाळेशी या ऑपेराचं नातं जुनंच आहे. 1689 च्या सुमारास लंडनजवळ चेल्सी इथे जोसायस प्रीस्टच्या मुलींच्या शाळेत त्याचा प्रयोग झाला होता. तिथे पर्सेल सोसायटीची 1889 ची प्रत मिळते, ती वाचायला स्वच्छ आहे. यातली चूक एकच आणि ती जवळजवळ सगळे करतात: तीन मात्रांच्या ठेक्यातल्या लांब-आखूड जोड्या सरळ करून टाकतात. मग गाण्याचा नाच जातो आणि ओळ जड होते. आधी फक्त शब्द, टाळीवर, सुराशिवाय म्हणून घ्यावेत. मागे कोरस असेल तर तो हेच गाणं पुन्हा गातो, त्यामुळे दोघींवरचा भार आणखी हलका होतो.

हुम्परडिंकच्या ‘हान्सेल उंड ग्रेटेल’मधली संध्याकाळची प्रार्थना, ‘आबेंड्स विल इश श्लाफेन गेन’, ही दुसरी पायरी. हा ऑपेरा 23 डिसेंबर 1893 रोजी वायमार इथे रिचर्ड श्ट्राउसच्या संचालनाखाली पहिल्यांदा झाला. भाऊ-बहीण जंगलात झोपण्याआधी चौदा देवदूतांना आठवतात: दोन उशाशी, दोन पायाशी, असे जोडीजोडीने. त्यामुळे शब्द पाठ व्हायला अवघड नाहीत आणि दोघांच्या नात्यात संकोचाचंही काही नाही. कागदावर हा ड्युएट सोपा दिसतो. पण त्याची सुरुवात खालच्या पट्टीत, हळू आवाजात होते आणि तो सावकाश वर चढत जातो. मुलं आरंभीच सगळा आवाज लावून मोकळी होतात आणि वर पोहोचेपर्यंत देण्यासारखं काही उरत नाही. उपाय असा: आधी शेवटच्या आठ मात्रा बसवायच्या, मग मागे मागे येत सुरुवात शेवटी बसवायची. वरचा जोर किती आहे हे ठरलं की खालचा किती ठेवायचा ते आपोआप ठरतं. हान्सेलची ओळ सोप्रानोला देऊ नका. ती खाली उतरते तिथे सोप्रानोचा आवाज नुसता वारा होतो. मूळचा ऑर्केस्ट्रा वाग्नरच्या वळणाचा, भरगच्च आहे. व्होकल स्कोअरमध्ये तो सगळा पियानोवर कोंबलेला आहे. पियानोवाल्याला मधले आवाज सोडून फक्त बास आणि वरची ओळ वाजवायला सांगितलं तरी चालतं, आणि कच्च्या आवाजांना तेच बरं. कॉन्स्टन्स बाखच्या जुन्या इंग्रजी भाषांतराच्या प्रतीही आहेत. जर्मनची अजिबात ओळख नसेल तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

मोझार्टकडे वळलं की स्कोअरमध्ये शोधायला मदत करणारा एक योग सापडतो. तरुणांसाठी सर्वांत कामाचे तीन ड्युएट तीन वेगवेगळ्या ऑपेरांमध्ये सातव्या क्रमांकावर आहेत: ‘डॉन जोव्हानी’तला ‘ला ची दारेम ला मानो’, ‘डी झाउबरफ्लोट’मधला ‘बाय मेनर्न’ आणि ‘ला क्लेमेन्झा दी तीतो’मधला ‘आ पेर्दोना आल प्रीमो आफेत्तो’. चारशे पानांच्या पीडीएफमध्ये क्रमांक माहीत असला की वेळ वाचतो. ‘फिगारो’त मात्र सावध राहावं. जुन्या प्रती आणि नवी मोझार्ट आवृत्ती (त्याच्या रचनांची आधुनिक, संशोधित आवृत्ती) यांच्या क्रमांकांत पुढे पुढे एकाचा फरक पडतो, म्हणून पत्राचा ड्युएट (‘सुल्लारिया’) कुठे विसावा, कुठे एकविसावा असतो. पियानोवाला आणि गायक वेगवेगळ्या प्रती घेऊन बसले की तालमीची पहिली दहा मिनिटं यातच जातात.

‘ला ची दारेम’ सगळ्यांना हवा असतो, आणि आवाजाच्या दृष्टीने तो योग्यही आहे. ए मेजर, आधी दोनचारच्या चालीत आंदान्ते (मध्यम संथ) आणि पुढे सहाआठमध्ये आलेग्रो (जलद). झर्लिनाची ओळ बहुतेक ई4 ते ई5 या एका सप्तकात फिरते. बॅरिटोन जे गातो तेच ती आरंभी सप्तक वर गाते, म्हणजे प्रवेशाचा सूर आयता हातात. 1787 मध्ये प्रागला ही भूमिका पहिल्यांदा गाणारा लुईजी बास्सी 21 वर्षांचा होता. ड्युएट तरुणांना जमत नाही असं म्हणायला त्यामुळे जागा नाही. अडचण आशयाची आहे. लग्नाच्या दिवशी एका नवरीला फितवणारा बडा माणूस, हा प्रसंग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना रंगमंचावर द्यायचा का, हे शिक्षकाने आधी ठरवावं. अठराच्या पुढे, अर्थ नीट समजावून, जरूर द्यावा. नुसत्या गोड चालीवर भागवलं तर झर्लिनाची घालमेल हरवते, आणि सगळा ड्युएट तर त्या घालमेलीवरच उभा आहे. तांत्रिक चूक नेहमी ‘आंदियाम’ (चल, जाऊ या) या शब्दाला होते. सहाआठ आलं की दोघं पळत सुटतात. संचालकाने हात दोन मात्रांचाच ठेवावा आणि गायकांनी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर द्यावा, म्हणजे लय धरून राहते.

सोळा-सतराच्या जोडीसाठी ‘बाय मेनर्न’ जास्त बरा. पामिना आणि पापागेनो एकमेकांच्या प्रेमात नाहीत. दोघं मिळून प्रेमाबद्दल गातात, एवढंच. त्यामुळे वर्गातल्या मुलामुलीला एकमेकांकडे पाहून लाजायची वेळ येत नाही, दोघांनी प्रेक्षकांकडे पाहून गायलं तरी प्रसंगाला धरूनच होतं. पापागेनोची भूमिका शिकानेडरने स्वतःसाठी लिहिली. तो मुळात नट आणि नाटक कंपनीचा चालक, म्हणून ओळ साधी आणि मधल्या पट्टीत आहे. नुकताच आवाज फुटून स्थिरावलेल्या मुलाला ती झेपते. पामिना पहिल्यांदा गाणारी आना गॉटलिब 1791 मध्ये 17 वर्षांची होती. हे वाचून हुरळून जाऊ नये, कारण तिचा गळा लहानपणापासून रंगभूमीवर घडलेला होता, बाराव्या वर्षी ती ‘फिगारो’त बार्बारीना गायली होती. शिवाय त्या काळची पट्टी आजच्या ए 440 पेक्षा (ए हा सूर सेकंदाला 440 कंपनांचा) काहीशी खाली होती. पामिनाच्या ओळीत शेवटाकडे वर चढणारी एक तान आहे. तीच या ड्युएटची परीक्षा. ती ‘आ’वर सोडून न देता आधी ‘नू’वर, अर्ध्या आवाजात बसवावी. तानेच्या आधी श्वास पुरेसा घेतलेला नसेल तर वरचे सूर पडतात आणि मुलगी मानेने गायला लागते. सांधा कच्चा असेल तर हा ड्युएट सहा महिने पुढे ढकलावा. पापागेनो तयार आहे म्हणून पामिनाला ओढू नये. ड्युएट नेहमी दोघांतल्या कच्च्या गळ्याच्या मापानेच निवडायचा.

दोन मुलींसाठी, एक सोप्रानो आणि एक मेझो, ‘क्लेमेन्झा’त खजिना आहे आणि तो फारसा कोणी उघडत नाही. त्यातला तिसरा क्रमांक, सेस्तो आणि आन्नियो या दोन मित्रांचा ‘दे प्रेन्दी उन दोल्चे आम्प्लेसो’, अवघ्या मिनिटभराचा आहे. सी मेजर, दोन्ही आवाज जवळजवळ हातात हात घालून चालणारे. दोन मेझोंना तिसऱ्याच्या (सा-ग एवढ्या) अंतरावर सूर लावायला शिकवण्यासाठी याहून नेमकं गाणं नाही. ‘आ पेर्दोना’ त्याच्या पुढचा: ओळी लांब, पण उतरत्या, म्हणून श्वास पुरतो.

‘फिगारो’तला ‘सुल्लारिया’ वरकरणी सोपा, प्रत्यक्षात मध्यम. सरदारीण पत्र सांगते, सुझाना लिहिता लिहिता शेवटचे शब्द उच्चारते, मग दोघी मिळून वाचतात. सहाआठ, बी फ्लॅट मेजर, लय आलेग्रेत्तो (बऱ्यापैकी चपळ). पण लोकप्रियतेमुळे तो आलाप घेतल्यासारखा संथ गायला जातो, आणि मग ओळ श्वासात मावत नाही. लिहिणारीच्या हाताच्या वेगाने गायचा, म्हणजे लय बरोबर येते. ऑर्केस्ट्रात ओबो आणि बासून या फुंकवाद्यांच्या ओळी गायिकांच्या मध्ये गुंफलेल्या आहेत. काही जुन्या पियानो संक्षेपांत त्या गर्दीत बुडून जातात. वाजवणाऱ्याला त्या वेगळ्या खुणावून द्याव्यात, कारण गायिकांचे प्रवेश त्यांच्यावर टांगलेले आहेत. दोन आवाज सारख्या जातीचे हवेत. एक गडद आणि एक पातळ असले तर एकत्र ओळ कधीच जुळत नाही.

मोंतेव्हेर्दीच्या ‘पोप्पेआ’तला शेवटचा ‘पुर ती मीरो’ वेगळ्या कारणासाठी सुचवतो. 1643 सालच्या या ऑपेराच्या व्हेनिस आणि नेपल्स इथे हस्तलिखित प्रती आहेत, आणि हा ड्युएट मोंतेव्हेर्दीचाच आहे का याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. खाली चार उतरत्या सुरांचा बास फिरत राहतो, वर दोन आवाज एकमेकांना घासून मग सुटतात. ही घासण ज्यांना कानाने सोसता येत नाही ते आपला सूर हलवून घेतात आणि सगळं गोड करून टाकतात. तसं होऊ द्यायचं नाही. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हा धडा मोलाचा आहे. स्थिर षड्जाशी जुळणं वेगळं आणि सरकत्या दुसऱ्या आवाजाशी भांडून जुळणं वेगळं. हस्तलिखितात मुळात गायकांच्या ओळी आणि बास एवढंच असल्याने प्रत्येक प्रतीतली साथ संपादकाची असते. जाड साथ लिहिलेली प्रत टाळा.

मुलग्यांची गोष्ट अवघड आहे आणि ती सरळ सांगावी. टेनरसाठी तरुणपणी झेपणारे ड्युएट थोडेच. हान्डेलच्या ‘एसिस अँड गॅलेटिया’तला ‘हॅपी वी’ सोप्रानो-टेनर जोडीला चांगला, इंग्रजीत आणि खेळकर. फक्त ताना स्वच्छ लागतात. अठराच्या पुढच्या बॅरिटोनला मेझोबरोबर ‘कोसी फान तुत्ते’तला ‘इल कोरे व्ही दोनो’ द्यावा. दोन जड आवाजांची मुलं असतील आणि जिभा तयार असतील तर ‘डॉन पास्क्वाले’तला ‘केती, केती’ रंगतो, पण त्यातली भराभर शब्दांची चाल आधी निम्म्या वेगात, पुटपुटत, दोन आठवडे घोटावी लागते.

आणि जे देऊ नयेत ते. बिझेच्या ‘मोत्यांचे पाणबुडे’ मधला टेनर-बॅरिटोन ड्युएट प्रत्येक टेनरला हवा असतो. तो बी फ्लॅट4 पर्यंत जातो, आणि त्याआधीची वाटही सांध्यावरूनच जाते. ‘ला बोएम’मधला ‘ओ सोआव्हे फान्चुल्ला’ सोप्रानोला शेवटी वरच्या सीवर नेतो. तो सूर लागला तरी त्याच्या आधी पुच्चिनीने मागितलेला भरीव मधला आवाज वीस वर्षांच्या गळ्यात नसतो. मग तो दाबून आणला जातो, आणि आवाजाचं नुकसान तिथे होतं. दलीबच्या ‘लाक्मे’तला फुलांचा ड्युएट आपल्याकडे फार मागितला जातो, पात्रांची नावं मल्लिका, नीलकंठ अशी असल्याने जवळचाही वाटतो. बी मेजर, पाच शार्प, हळुवार आवाजात वर राहणं आणि दोन सोप्रानो-मेझो सतत तिसऱ्याच्या अंतरावर. स्पर्धेत याच ड्युएटमध्ये आवाज पट्टी सोडून खाली उतरतात, आणि दोघी एकत्र उतरत असल्याने त्यांना कळतही नाही. दोन वर्षं तयारी झालेल्या जोडीलाच द्यावा.

आता आयएमएसएलपीवरच्या प्रतींचे दोष. पहिला आणि सर्वांत त्रासाचा दोष शब्दांचा. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन प्रकाशकांच्या मोझार्ट प्रतींत वर मोठ्या अक्षरांत जर्मन भाषांतर आणि खाली बारीक तिरक्या अक्षरांत इटालियन असतं. जर्मन शब्दांची अक्षरं बसवायला काही सुरांचे तुकडे केलेले असतात. इटालियन गाताना कोणता सूर धरायचा हे दांडीच्या दिशेवरून ओळखावं लागतं. नवशिक्याला हे कळत नाही, तो जास्तीचे सूर गाऊन बसतो. दुसरा दोष छोट्या सुरांचा. काही जुन्या प्रतींत मोझार्टचे शोभेचे छोटे सूर तिरकी रेघ मारून छापले आहेत, म्हणून ते झटकून गायले जातात. मुळात ते अनेकदा टेकून, लांबवून गायचे असतात. दोन्हींवर उपाय एकच: साल्झबुर्गच्या मोझार्टेउमने नवी मोझार्ट आवृत्ती 2006 च्या अखेरीपासून मोफत ऑनलाइन ठेवली आहे, तिच्याशी ओळ न् ओळ ताडून पाहायची. तिथे पियानो संक्षेप नाही, फक्त फुल स्कोअर आहे, त्यामुळे दोन्ही साधनं जोडीनेच वापरावी लागतात. एका ड्युएटला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तो वेळ सत्कारणी लागतो.

स्कॅनमध्ये पान गळालेलं असू शकतं. छापण्याआधी पानांचे क्रमांक सलग आहेत का पाहा. दोन गायकांच्या आणि पियानोच्या मिळून चार ओळी एका पट्ट्यात असल्याने फोनवर काही वाचता येत नाही. ए4 कागदावर, दोन्ही बाजूंनी न छापता एका बाजूने छापून, पान उलटायची जागा गायकाच्या विश्रांतीत येईल अशी चिकटवून घ्यावी, मग स्पायरल करावं. पट्टी बदलायची तर पीडीएफ उपयोगाचं नाही. म्यूझस्कोर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सूर पुन्हा भरावे लागतात. सरावापुरता अर्धा सूर खाली घ्यायला हरकत नाही. मात्र सोप्रानोच्या सोयीसाठी पूर्ण सूर खाली घेतला की मेझो किंवा बॅरिटोनची खालची टोकं बुडतात, हे आधी पाहावं.

स्वामित्वहक्काची बाब: भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी रचना मोकळी होते. मोझार्टपासून 1924 मध्ये गेलेल्या पुच्चिनीपर्यंत काळजी नाही. इंग्रज रचनाकार बेंजामिन ब्रिटन 1976 मध्ये गेला, त्याचे मुलांसाठीचे सुंदर ऑपेरे इथे अजून विकतच घ्यावे लागतील. आणि रचना जुनी असली तरी नवं संपादन किंवा नवं भाषांतर मोकळं असतंच असं नाही. फाइलखालची ओळ वाचल्याशिवाय कार्यक्रमात वापरू नये.

भाषेबाबत मराठी गायकांना एक मोठा फायदा आहे, तो वाया जाऊ देऊ नये. इटालियन त आणि द हे आपल्या ‘त’ आणि ‘द’सारखेच दातांवरचे आहेत, आणि जोडव्यंजनं ‘पक्का’, ‘सत्तर’सारखी थांबून उच्चारायची. पण मुलं इटालियन शब्द इंग्रजीतून वाचतात आणि ‘बोस्केत्तो’चं ‘बॉस्केटो’ करतात. शब्द आधी देवनागरीत लिहून द्यावेत, ही चूक निघून जाते. जर्मनमधल्या ‘फ्यूलेन’साठी ओठ ‘ऊ’चे ठेवून आत ‘ई’ म्हणायचं. फ्रेंचमध्ये अनुस्वाराच्या सवयीने नाकातल्या स्वरानंतर ‘न’ किंवा ‘म’ बंद केला जातो. तो बंद करायचा नाही, स्वर नाकात मोकळा सोडायचा.

जोडीने बसवताना पहिल्या दोन तालमींत शब्द नकोत. दोघांनी ‘नू’वर, अर्ध्या आवाजात, पाठीला पाठ लावून गावं. समोर पाहून गाताना एकमेकांच्या तोंडाकडे लक्ष जातं, पाठमोरं उभं राहिलं की कान लागतो. मग ओळी अदलाबदल करून गाव्यात, वरच्या गायिकेने खालची आणि खालचीने वरची. पुरुष-स्त्री जोडी असेल तर सप्तक बदलून. जोडीदाराची ओळ पाठ असली की प्रवेश चुकत नाहीत. श्वासाच्या जागा पेन्सिलीने दोन्ही प्रतींवर सारख्या लिहाव्यात, आणि शेवटचं व्यंजन कोणत्या मात्रेवर पडणार तेही. ‘स’, ‘त’ मागेपुढे झाले की बाकी सगळं चांगलं असूनही कच्चेपणा उघडा पडतो.